घडीच्या दोन्ही बाजूंना एकच घर

एकतीस वर्षं मी मुलांना एकच प्रश्न विचारत आले. "हे डोळ्यांनी दिसेल का?" कादंबरीतलं एखादं वाक्य फळ्यावर लिहायचं, हाताचा खडू झटकायचा आणि वर्गाकडे बघत उभं राहायचं. 'विहीर आटली होती.' दिसेल का? "दिसते, मॅडम." मग ते वर्णन. 'विहीर गावाकडे आ वासून बघत होती.' दिसेल का? इथे वर्गात चुळबुळ सुरू होते. विहिरीला तोंड नाही, डोळे नाहीत, गावाशी तिला काही देणंघेणं नाही. म्हणजे हे दिसणारं नव्हे, लेखकाने आपल्या बाजूने दाखवलेलं. मग पुढचा प्रश्न, त्याला असं का दाखवावंसं वाटलं? मराठीच्या मास्तरणीचा धंदा म्हणाल तर एवढाच. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती ही नावं म्हणजे डब्यांवर लावलेल्या चिठ्ठ्या. डब्यात काय आहे ते उघडून बघावं लागतं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण खोड जात नाही. सकाळी पेपर आला की मी लाल पेन शोधते. 'महागाईने डोके वर काढले' याच्याखाली रेघ. 'शहराने सुटकेचा निःश्वास टाकला' याच्याखाली रेघ. आमचे यजमान भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले, आयुष्यभर जमिनी मोजलेला माणूस. ते चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "अवं, पेपर वाचायले घेतला का तपासायले?" मी पेपर ठेवते, उठते, जिना चढून वरच्या खोलीत जाते आणि काहीच न करता खाली येते. दिवसातून चार-पाच वेळा तरी असं होतं. कशासाठी गेले होते असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. आज त्या खोलीबद्दलच लिहायचं आहे. पण आधी धंदा नीट सांगते, नाही तर माझी चूक तुम्हाला चूक वाटणारच नाही.

पहिली नोकरी रिठदच्या कनिष्ठ महाविद्यालयात होती. पहिल्याच वर्षी उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या आणि डोकं धरून बसले. चाळीस मुलांनी लिहिलं होतं, 'प्रस्तुत ओळीत उपमा अलंकाराचा सुरेख वापर झाला आहे.' चाळिसांच्या चाळीस पेपरांत तोच 'सुरेख'. एका बहाद्दराने तर हे वाक्य पत्रलेखनाच्या प्रश्नातही लिहिलं होतं. गाईडमधून पाठ. नेमलेली कादंबरी एकानेही वाचली नव्हती, आणि खरं सांगायचं तर वाचण्याची गरजही नव्हती. गाईडवाल्याने सगळ्या ओळी शोधून, नावं लावून, उत्तरं बांधून ठेवली होती.

तेव्हा मी एक युक्ती काढली. ग्रंथालयात कुणीतरी देणगी दिलेल्या एका कादंबरीच्या पस्तीस प्रती धूळ खात पडल्या होत्या. धरणाखाली जाणाऱ्या गावाची गोष्ट. अभ्यासक्रमात नव्हती, म्हणून तिचं गाईड नव्हतं. ती मी वाचायला लावली. प्रत्येकाने तिच्यातलं एक अलंकारिक वाक्य शोधायचं. ड्रॉइंग पेपर घ्यायचा, मधोमध घडी घालायची. डाव्या बाजूला शब्दांत जे आहे तेच जसंच्या तसं काढायचं, मग ते कितीही अचाट दिसो. उजव्या बाजूला लेखकाला म्हणायचं काय आहे ते. खाली दोन ओळी लिहायच्या. मुलं म्हणाली, "मॅडम, आमाले चित्र नाई येत." मी म्हणायची, मला तरी कुठे येतं? काड्यांची माणसं काढा.

त्या काड्यांच्या माणसांनी मला भारी करमणूक दिली. 'त्याच्या तोंडाला कुलूप होतं' हे वाक्य रिठदच्या एका पोराने घेतलं. डावीकडे ओठांत कुलूप अडकवलेला माणूस. उजवीकडे नवं लग्न झालेला मोठा भाऊ मान खाली घालून जेवतो आहे आणि कुलपाची किल्ली आईच्या कमरेला आहे. कादंबरीत त्या माणसाला ना आई होती ना बायको. पण पोराला वाक्य कळलं होतं, गाईडवाल्यापेक्षा चांगलं कळलं होतं.

दुसऱ्या एकाने 'ती नागिणीसारखी फुत्कारली' हे घेतलं. चित्र भिंतीवर लागलं आणि दोन दिवसांनी त्याचे वडील कॉलेजात हजर. चित्रासमोर उभे राहिले, मग माझ्याकडे आले.

"मॅडम, हे नागीण कोणाची हाय?"

"कादंबरीतली."

"कादंबरीतली? हे तोंड माह्या घरातलं हाय! कपायावरचं गोंदण बी तेच. आता तिनं पायलं तं मले घरात घेईन का ते?"

मी चित्र उतरवलं. तुमच्या मुलाचं निरीक्षण चांगलं आहे, एवढं मात्र सांगितलं. ते गृहस्थ जाताना दारात थांबले आणि हसू दाबत म्हणाले, "पण काढलं सई सई, मॅडम."

पुढे माझी बदली मंगरूळपीर तालुक्यात, आसेगावच्या बाजूच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात झाली. धरणाच्या त्या कादंबरीच्या प्रती मी तिथल्या ग्रंथालयातही मागवल्या. आम्ही मंगरूळपीरला घर बांधलं. घडीचे कागद मी टाकत नसे. वर्षानुसार गठ्ठे बांधायचे, कापडात गुंडाळायचे, डांबरगोळ्या ठेवायच्या. मुलगी नोकरीला पुण्याला गेली तशी वरची खोली त्या गठ्ठ्यांनी भरली. पाहुणे आले की मी चहाआधी त्यांना वर नेत असे. आमच्या यजमानांनी त्या खोलीचं नाव 'मॅडमचं रेकॉर्ड' असं ठेवलं होतं. मला त्या खोलीचा गर्व होता. माझे वडील खेड्यातून वाशीमला येऊन बोर्डिंगच्या व्हरांड्यात झोपून मॅट्रिक झाले, कोर्टात कारकून झाले. आमच्या घरात कागदाला फार मान. लिहिलेला कागद पायाखाली आला तर आई कपाळाला लावायची.

आता शीतलबद्दल.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली, बारावीच्या वर्गातली मुलगी. कॉलेजपासून पाच किलोमीटरवर एक वस्ती आहे, पंचवीस-तीस घरांची. तिथून चालत यायची. बोलायची नाही. प्रश्न विचारला तर उभी राहायची, नेमकं उत्तर द्यायची आणि बसायची. ग्रंथालयाची कादंबरी तिने दिवाळीआधी नेली आणि परत दिली नाही, म्हणून ग्रंथपाल दोनदा माझ्याकडे कुरकुरला होता. एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं. बारावीच्या मराठीत वीस गुण कॉलेजच्या हातात असतात, प्रकल्पाचे आणि तोंडी परीक्षेचे मिळून. माझा प्रकल्प म्हणजे हा घडीचा कागद.

डिसेंबरात कागद गोळा केले. शीतलने घेतलेलं वाक्य होतं, 'ती परत आली तेव्हा घर तिच्याकडे पाठ करून बसलं होतं.' अवघड वाक्य. मुलं सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत, कारण घराची पाठ काढायची कशी? डाव्या बाजूला तिने एक मातीचं घर काढलं होतं. बंद दार, दारात आडव्या टाकलेल्या बोराटीच्या पाच काटेरी फांद्या, फांद्यांवर दोन चपटे दगड. भिंतीतल्या कोनाड्यात पालथा तांब्या. ओट्याच्या कडेला एक मुलगी, मांडीवर दप्तर. उजव्या बाजूला बघितलं तर तेच. तेच घर, त्याच पाच फांद्या, तोच तांब्या, तीच मुलगी. खालच्या दोन ओळींच्या जागी एकच ओळ, 'घर असेच आहे.'

आधी मी 'उजवी बाजू चुकली' असं लिहायला पेन टेकवलं. मग थांबले. कागद घरी आणला, पुन्हा पुन्हा बघितला आणि अंगावर काटा आला. काय मुलगी आहे! शब्द आणि अर्थ यांच्यातलं अंतरच तिने पुसून टाकलंय! उजव्या बाजूला लाल शाईने लिहिलं, 'कल्पना उत्तम.' खाली सही केली. तेव्हा झालेला आनंद आजही आठवतो, म्हणूनच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तो कागद उंच धरला आणि पंधरा मिनिटं बोलले. काटे म्हणजे समाजाची नजर. दगड म्हणजे रूढी. पालथा तांब्या हे रितेपणाचं प्रतीक. वर्ग चिडीचूप होता. माझ्या तासाला इतकी शांतता कधी नसते. मी ती माझ्या बोलण्याच्या खाती जमा केली. बोलणं संपलं तेव्हा शीतल उभी राहिली.

"मॅडम..."

"बोल ना, बेटा."

तिने माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. "काही नाई," म्हणाली आणि बसली. मला वाटलं, लाजली. स्नेहसंमेलनात तिला पहिलं बक्षीस दिलं, एक चांगला पेन. कागद व्हरांड्यात दोरीवर चिमट्याने लावला. दीडशे मुलं, सोळा शिक्षक, पालक, सगळ्यांनी बघितला.

संक्रांतीनंतर शीतल यायची बंद झाली. पहिले चार दिवस मी रागावले. बक्षीस मिळालं की डोक्यात हवा जाते, असं स्टाफरूममध्ये मीच म्हणाले. बाकीच्यांची तोंडी परीक्षा झाली होती आणि ती एकटीच राहिली होती. गुणांची यादी पाठवायची तारीख ठरलेली असते, गैरहजर म्हणून गेलं की संपलं. शेवटी जानेवारी संपता संपता एका दुपारी यजमानांच्या स्कूटरवर मागे बसून मी त्या वस्तीवर गेले. आळीतल्या पोरांनी बोट दाखवलं, तिकडे वळले आणि मध्येच थांबले.

घर समोर होतं. मातीचं, बंद. दारात बोराटीच्या पाच फांद्या. वर दोन चपटे दगड. कोनाड्यात पालथा तांब्या. मी ते घर ओळखत होते, त्याच्यावर पंधरा मिनिटं बोलले होते. शेजारच्या घराच्या दारातही बोराटी, त्याच्या पलीकडच्याही. अर्ध्या वस्तीच्या दारांत काटे होते.

समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. गिरजाबाई. मी विचारलं, "ह्या दारांत काटे कशाला?"

"काटी हाय म्हणजे घर उसाले गेलं, बाई. कोंबडी-कुत्रं घुसू नये, अन् येणाऱ्याले दुरूनच समजलं पायजे का कोनी नाई. हे बी सांगा लागते?"

मला सांगावं लागत होतं. मी वाशीम शहरात वाढलेली. ऊसतोडीला माणसं जातात हे माहीत होतं, जाताना दारात काटी टाकतात हे माहीत नव्हतं. गिरजाबाईने सगळं सांगितलं. शीतलचे आईवडील दिवाळी झाली तसे टोळीबरोबर गेले. एकट्या पोरीला घरात कसं ठेवायचं म्हणून दाराला काटी टाकली आणि तिला शेजारी चुलत्याकडे ठेवलं. महिन्याभरात दुसरी टोळी निघाली, चुलताही गेला. शीतल म्हणाली, मी येत नाही, माझी बारावी आहे. मग आज इथे झोप, उद्या तिथे झोप. कॉलेज सुटलं की आपल्याच घराच्या ओट्यावर बसून अंधार पडेपर्यंत अभ्यास करायची.

"तो तांब्या?" मी विचारलं.

"तिचाच. पाणी पिऊन पालथा घाले. माह्याकडे बी झोपली आठ-दहा रोज. पण माह्या घरी दोन सुना, चार पोट्टे. कोन किती दिस ठेवीन? बापाले समजलं, तो आला अन् घेऊन गेला." मग तिने मला खालून वर बघितलं. "तुमीच का ते चित्राच्या मॅडम?"

"हो."

"तिनं चित्र काढलं ना, तवा मले म्हणे, आजी, आता मॅडमले समजीन. त्या पायतीन अन् काही ना काही करतीन. मंग एक दिस आली तं म्हणे, मॅडमनं पेन देल्ला."

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि शिकवायच्या आधी विचारलं, "शीतलच्या चित्रातलं घर खरं आहे, हे कुणाकुणाला माहीत होतं?" हळूहळू पाऊण वर्गाचे हात वर आले. मी ओरडले, "मग सांगितलं का नाही?" आसेगावचा मंगेश, जरा धीट, तो उभा राहिला. "मॅडम, दारात काटी पायली का कोनाले बी समजते. आमाले वाटलं तुमाले मालूम हाय. मालूम हाय म्हणून तं इनाम देल्लं." त्या दिवशीची शांतता कशाची होती ते तेव्हा कळलं.

गिरजाबाईकडून शीतलच्या वडिलांचा नंबर आणला होता. तिसऱ्या दिवशी फोन लागला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. मी त्यांना शिक्षणाचं महत्त्व सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मले का समजत नाई? पोरगी हुशार हाय, माह्याच्यानं बी तिचा कोयता पायवत नाई. पण ठेवू कुठी? तुमी सांगा, आत्ता आणून सोडतो."

मी म्हणाले, "बघते."

पुढचे आठ दिवस मी काय केलं ते सांगते. वसतिगृहाला फोन केला, वर्ष संपत आल्यावर जागा नाही म्हणाले. प्राचार्यांकडे गेले, ते म्हणाले हा पालकांचा प्रश्न आहे. एका संस्थेचा नंबर मिळवला, तो लागला नाही. एका ओळखीच्या बाईंना विचारलं, त्यांच्याकडे लग्न होतं. घरात येरझाऱ्या घातल्या. झोप लागेना, भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. वरची खोली माझ्या मनात आलीच नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आली. पहिल्याच दिवशी आली. आणि लगेच हेही आलं, की गठ्ठे कुठे ठेवायचे? एकदा ओल लागली की कागद संपले. म्हणून मी दुसऱ्यांचे दरवाजे वाजवत राहिले.

आठव्या दिवशी यजमानांनी जेवता जेवता ताट बाजूला सारलं. "काहून अशी घरभर फिरून राह्यली?"

मी म्हणाले, "तिला ठेवायला जागा मिळत नाही."

त्यांनी वर, छताकडे बघितलं. फार काही बोलणारा माणूस नाही तो. म्हणाले, "कागदायले खोली, अन् पोरीले ओटा?"

मला राग आला. त्यांच्यावर नाही. हात धुतला आणि तशीच वर गेले. दुपारभर गठ्ठे खाली आणले. काही जिन्याखाली, काही पलंगाखाली, रिठदचे सगळे आणि आणखी काही कॉलेजच्या स्टोअररूममध्ये. तिथे त्यांना पुढे वाळवी लागली. वाईट वाटलं, नाही असं नाही. त्या कुलूपवाल्या पोराचा कागदही त्यातच गेला. संध्याकाळी मुलीचा जुना पलंग पुसला, दिव्याचा बल्ब बदलला आणि तिच्या वडिलांना फोन केला. "घेऊन या," मी म्हणाले.

गुण पाठवायच्या शेवटच्या दिवशी सकाळच्या एसटीने बापलेक उतरले. वडील चहाही न घेता परतीच्या गाडीत बसले, टोळीत खाडा चालत नाही म्हणाले. शीतलच्या दोन्ही हातांवर उसाच्या पात्यांच्या बारीक चिरा होत्या आणि उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. पिशवीत कपड्यांच्या दोन जोड्या, माझा पेन आणि ग्रंथालयाची ती कादंबरी, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली.

अकरा वाजता तोंडी परीक्षा घेतली. रिकाम्या वर्गात आम्ही दोघीच. मी तिच्यापुढे तिचाच कागद ठेवला. दुसरं काय विचारावं ते मला सुचत नव्हतं.

"या चित्रात कोणता अलंकार आहे?"

"याच्यात अलंकार नाई, मॅडम."

"मग हे वाक्य का घेतलंस?"

"कादंबरीतल्या बाईचं घर पाठ करत नाई, तिले तसं वाटते. तो अलंकार हाय. माह्या घराचं तसं नाई. तुमीच शिकवता ना, डोयानं दिसते ते वर्णन. मले दिसलं ते म्या काढलं. डाव्या बाजूले बी तेच अन् उजव्या बाजूले बी तेच. दुसरं काही म्हणायचंच नव्हतं."

एकतीस वर्षं मी जे शिकवलं ते तिने मला मोजक्या वाक्यांत परत केलं होतं, आणि बरोबर केलं होतं. मी विचारलं, "मग त्या दिवशी वर्गात उठलीस तेव्हा बोलली का नाहीस?"

ती अंगठ्याच्या चिंधीशी खेळत राहिली. "तुमी लय खूश होत्या," म्हणाली.

मी गुण लिहिले. यादी दुपारी गेली.

लेखी परीक्षेला जेमतेम तीन आठवडे होते. ती वर अभ्यास करायची, मी खाली येरझाऱ्या घालायची. यजमान तिला अर्थशास्त्र समजावून सांगायचे, म्हणजे अर्थशास्त्राच्या नावाखाली गुंठे आणि हेक्टरच्या गोष्टी. सगळं गोड झालं असं लिहायला मला आवडलं असतं. निकाल लागला, मराठीत ती कॉलेजात पहिली आली आणि इंग्रजीत चार गुणांनी नापास झाली. ते चार गुण कुठे गेले ते मला माहीत आहे. माझं भाषण, माझा पेन आणि माझे ते आठ दिवस, यांत गेले. तिने गुणपत्रिका घडी करून कादंबरीत ठेवली आणि विचारलं, "जुलैपर्यंत राहू का, मॅडम?"

राहिली. जुलैची परीक्षा दिली, सुटली. अकोल्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला. जायच्या दिवशी सकाळी पलंग झाडून, चादर घडी करून ती खाली आली आणि म्हणाली, "मॅडम, माह्यावालं चित्र तुमच्यापाशी हाय ना?"

मी आणून दिलं. तो कागद मी गठ्ठ्यात बांधला नव्हता. तिने तो मधल्या घडीवर दुमडला, नखाने दाबत वरपासून खालपर्यंत रेघ केली आणि ओलं बोट फिरवून हलकेच फाडला. सरळ दोन तुकडे झाले.

"दोन्हीकडं सारखंच हाय," ती म्हणाली. "एक माह्यापाशी राहू द्या, एक तुमच्यापाशी."

डावी बाजू तिने कादंबरीत ठेवली. उजवी माझ्या हातात दिली, पाया पडली आणि यजमानांच्या स्कूटरवर बसून स्टँडवर गेली. कादंबरी अजून ग्रंथालयाच्या नावावर थकीत आहे. मी ग्रंथपालाला काही सांगितलं नाही.

वरच्या खोलीत आता गठ्ठे नाहीत. पलंग आहे, टेबल आहे आणि भिंतीवर चिकटपट्टीने लावलेला अर्धा कागद. दिवसातून चार-पाच वेळा मी जिना चढते ती त्याच्यासाठी. बोराटीच्या फांद्या मोजते, पाच भरतात. ओट्यावरच्या मुलीकडे बघते. तिच्या डोक्यावर, घराच्या छपराला टेकून, लाल शाईत लिहिलेलं आहे, 'कल्पना उत्तम.' खाली माझी सही आहे.